पाझराचा देव

नरडाण्याकडे जाताना आमच्या गावाचं सांडपाण्याचं धरण लागतं. त्याच्या पायथ्याशीच एका अक्काचं घर. नाव मी कधी विचारलं नाही. मातीचा बांध पाझरू लागला, तेव्हा पालिका म्हणाली, धरण पाटबंधारेवाल्यांचं; ते म्हणाले, पालिकेचं.

एका सकाळी फिरायला गेलो, तर अक्का पाझराजवळच्या दगडाला शेंदूर फासत होती.

“अक्का, इथे कुठला देव? कधी आला?”

“आतेच उना,” तिने बोटं बांधालाच पुसली. “धरणले कोनी धनी नही, भाऊ. देवले बठ्ठा, सारा गाव धनी शे. आन् मनं घर खाले शे.”

महिन्याभरात नारळ फुटले, वर्गणी निघाली, दगडाभोवती सिमेंटचा ओटा झाला. धरण नाकारणाऱ्या दोन्ही खात्यांच्या साहेबांना ओट्याच्या कोनशिलेवर मात्र जागा हवी होती. नाकाला रुमाल लावून दोघंही पाया पडले. पाझर तेवढ्यापुरता दबला.

परवा गेलो, तर ओट्याच्या पलीकडून पाणी झिरपत होतं. अक्का कमरेवर हात ठेवून, वाकून दुसरा दगड शोधत होती. मला पाहून थकल्या आवाजात म्हणाली,

“आते देवनं लगीन करनं पडी, भाऊ.”