वेगळा तवा

आमच्या मुक्ताला गव्हाचा कणही सोसत नाही. तिच्यासाठी ग्लुटेन-फ्री ओट्सची बरणी वेगळी, तवाही वेगळा. त्याच ओट्सचा उपमा होतो, खीर होते, भाकरीही होते. एकदा भाकरी हाताला चिकटली म्हणून तिच्या आईने सवयीने चिमूटभर गव्हाचं पीठ लावलं. पोरगी आठवडाभर अंथरुणात होती.

आज आमच्या पोळ्या लाटून झाल्यावर बायको कोपरापर्यंत हात धूत होती. मग काडीने नखं कोरू लागली.

"आई, पुरे आता," मुक्ता म्हणाली. हिने पुन्हा साबण घेतला.

मायेलाही कधी कधी आधी हात धुवावे लागतात.

मग हिने ओट्सच्या भाकरीचा घास तिच्यापुढे धरला. सव्वीस वर्षांच्या मुक्ताने मुकाट्याने तोंड उघडलं.