ओल्या पोत्याखाली

भरमूचा जन्म साचे भरण्यात गेला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तो वाळू ठोकायचा आणि काम थांबलं की तिच्यावर ओलं पोतं टाकायचा. वाळू सुकली की साचा ढासळतो. काम सुटल्यावर तो जांबोटीजवळच्या आपल्या गावी आला. त्याच वर्षी बायको, नागुबाई, गेली. मग बोलायला घरात एक म्हैस उरली.

पावसाळ्यात बेळगावच्या कॉलेजातल्या मंजुश्रीबाई अभ्यासासाठी गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर आल्या. वाट दाखवायला भरमू गेला. उघड्यावर, जांभ्या दगडाच्या फटीतल्या मातीवर राखी-हिरवा पापुद्रा होता. त्यावर मोहरीएवढे पेले उभे होते.

"मसाल्यातलं दगडफूल न्हवं हे?"

"त्याचंच भावंड, आण्णा. पण हे मातीवर वाढतं. पेल्याच्या काठाला तांबडे ठिपके आले तर एक जात, तपकिरी आले तर दुसरी. अजून आलेच नाहीत. दिसले की फोन कराल? मी लगेच येते."

"करतो की. मला कुठं कचेरी हाय? म्हशीला इचारायचं आणि निघायचं."

बाई हसल्या. ते हसू भरमूला बरेच दिवस पुरलं.

दिवाळी झाली. पेले आक्रसले, हाताला कुरकुरीत लागू लागले. भरमू धास्तावला. हे मेलं तर बाई कशाला येतील? त्यानं झऱ्यावरून घागर वर नेली, पोतं भिजवलं, अलगद पसरलं आणि कडेला दगड लावले. रोज चढ चढून पोतं ओलं ठेवलं. पापुद्र्याला धक्का नको म्हणून उचलून मात्र पाहिलं नाही.

शेवटी उचललं, तेव्हा खाली काळा, चिकट लगदा होता.

त्यानं फोन लावला. "बाई, कुजलं. वलं पोतं टाकलतं मी."

"अहो आण्णा, ते उन्हात सुकतं, पण मरत नाही. पाऊस आला की परत उठतं. त्याला एकटंच सोडायचं असतं."

"मग तुम्ही आता न्हाई येणार?"

"दुसरीकडे सापडलं तर कळवा."

भरमूनं वाकून वाकून सगळा सडा धुंडाळला. पलीकडच्या उतरणीला तळहाताएवढा पापुद्रा मिळाला, वाळून कोळ झालेला. सवयीनं सोबत आणलेल्या भरल्या घागरीकडे हात गेला. त्यानं घागर उपडी केली, पापुद्र्यापासून लांब, उताराकडे.

घरी येऊन त्यानं पोतं धुतलं, वाळवलं आणि म्हशीच्या पाठीवर टाकलं.

"पावसापतोर थांबायचं गं," तो तिला म्हणाला.