सर्वेशच्या गाडीचा हार

सुलक्षणाच्या मनात सर्वेशबद्दल एक भीती बसली होती, ती काही केल्या जात नव्हती. हा मुलगा एक दिवस स्वतःच्या खोटेपणात आपल्या लेकीला, अक्षताला, पुढे करील आणि स्वतः बाजूला साळसूदपणे उभा राहील. येत्या रविवारी दोघांचा साखरपुडा होता. नवरा श्यामकांत होणाऱ्या जावयावर इतका खूश होता की त्याच्याजवळ हे बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

तसं सर्वेशला वाईट म्हणावं असं काही नव्हतं. वाईट व्हायलाही माणसात थोडा दम लागतो. आजोबा कणकवलीहून येऊन गिरणीत लागलेले, वडिलांचं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं, आणि हा मुलुंडला टॉवरमधले फ्लॅट विकायचा. न बांधलेल्या घराच्या नसलेल्या बाल्कनीतून डोंगर कसा दिसेल, हे तो गिऱ्हाइकाला हातवारे करून दाखवायचा. सरळ मार्गाने झालेलं काम त्याला पचतच नसे. दाताच्या दवाखान्यात पुढे दोनच माणसं असली तरी हा आधी कंपाउंडरला गाठून "डॉक्टर आपल्या घरातलेच" म्हणून सांगणार. पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा सुरमई तोंडात जायच्या आधीच "आई, झकास" म्हणाला होता. चव कळायची त्याला गरजच नव्हती.

"मुंबईत असाच मुलगा पाहिजे गं," श्यामकांत म्हणायचा. "याचं कुठे अडणार नाही."

सर्वेशने नवी गाडी घेतली आणि अक्षता, सुलक्षणा यांना घेऊन तो टिटवाळ्याला गणपतीला गेला. तिथेही रांगेत उभं राहणं नाहीच. कुणा पुजाऱ्याच्या मेव्हण्याला फोन झाला आणि मंडळी बाजूच्या दाराने आत. देवाला आपण वशिल्याने भेटलो, या विचाराने सुलक्षणाला नीट हातही जोडता येईनात. मग गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली आणि बॉनेटवरून झेंडूचा हार खाली सोडला. असला जाडजूड हार नवरदेवालाही पेलला नसता. त्याच्या आड पुढची नंबर प्लेट अख्खी झाकली गेली.

परतताना मुलुंडच्या नाक्यावर ट्रॅफिक हवालदाराने हात केला. सर्वेशने काच खाली घेतली.

"नंबर दिसत नाही," हवालदार म्हणाला. "हार जरा वर सरकवा आणि निघा."

इतकं सोपं होतं. पण इतकं सोपं करणं सर्वेशला कमीपणाचं वाटलं.

"साहेब, पूजेचा हार आहे. घरी पोचेपर्यंत काढत नाहीत आमच्यात."

"काढू नका. सरकवा."

"देवाच्या वस्तूला असा हात लावायचा?"

"हार देवाचा असेल. नंबर आरटीओचा आहे, तो दाखवा."

"मी उतरून सरकवते," मागून सुलक्षणा म्हणाली.

"आई, तुम्ही बसा. मी बघतो ना."

त्याने फोन लावला आणि खिडकीबाहेर धरला. "भाऊंशी बोलून घ्या."

"कोण भाऊ?"

"घाटकोपरचे."

"घाटकोपरला भाऊ पुष्कळ आहेत. माझा सख्खापण तिथेच राहतो."

तिकडे घंटी वाजून वाजून थांबली. भाऊंनी फोन उचलला नाही. हवालदाराने शांतपणे चलनाचं मशीन काढलं, तसा सर्वेशचा आवाज एकदम पडला.

"साहेब, खरं सांगतो. मागे सासूबाई आहेत. टिटवाळ्याहून निघाल्यापासून छातीत दुखतंय त्यांच्या. हार्ट पेशंट आहेत."

सुलक्षणाच्या तोंडात प्रसादाचा पेढा होता. हवालदार वाकून तिच्याकडे बघू लागला. तिला पेढा गिळताही येईना आणि बोलताही येईना. तिची ती अवस्था पाहून त्याने पुढच्या सीटवरच्या अक्षताला विचारलं, "मॅडम, खरं का हे?"

अक्षताने सर्वेशकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. सकाळपासूनच."

लहानपणी एसटीत कंडक्टरने वय विचारलं की बापाने सांगितलेलं वय खोडून खरं सांगणारी ही पोर. 'हो' सर्वेशने तिच्याकडून काढून घेतलं असं एक वेळ म्हणता आलं असतं. पण 'सकाळपासूनच' हे तर त्यानेही म्हटलं नव्हतं. ते तिने स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

हवालदाराला ते खरं वाटलं की नाही, त्यालाच ठाऊक. त्याने मशीन ठेवलं, मोटरसायकलला किक मारली आणि "या माझ्या मागे" म्हणाला. मग शिट्ट्या मारत, रिक्षा बाजूला काढत त्याने गाडी थेट जवळच्या नर्सिंग होमच्या दारात नेऊन उभी केली.

"आई, पाच मिनिटं," सर्वेश पुटपुटला. "हात फक्त छातीवर ठेवा."

नर्सने तिला आडवं करून वायरी लावल्या. ईसीजीच्या पट्टीवर हृदय व्यवस्थित चाललेलं निघालं. तरुण डॉक्टरने विचारलं, "काय त्रास होतोय, काकू?" दारात हवालदार टोपी काखेत धरून उभा होता. त्याच्या मागून सर्वेश डोळ्यांनी खुणा करत होता.

"मला काही होत नाहीये," सुलक्षणा म्हणाली. "गाडीवरचा हार सरकवायचा होता. तो सरकवला नाही म्हणून मला इथे आणलंय."

डॉक्टरने हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने सर्वेशकडे. सर्वेशने भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता वाचायला घेतला.

"तब्येतीला जपा, मावशी," हवालदार म्हणाला. बाहेर जाऊन त्याने दोन बोटांनी हार वर उचलला, नंबरचा फोटो काढला आणि हार पुन्हा होता तसा सोडून दिला.

गाडीत बसल्यावर सर्वेश हसत म्हणाला, "काय आई, एवढं जमवून आणलं होतं, तुम्ही वाट लावलीत."

अक्षता मागे न वळता म्हणाली, "आईला ना, कुठे गप्प बसावं तेच कळत नाही."



संध्याकाळी सर्वेशने हा किस्सा घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात हवालदार मूर्ख होता, सासूबाई घाबरट होत्या आणि तो स्वतः फार हजरजबाबी होता. श्यामकांत वाचून खदखदून हसला.

"अहो, अक्षता खोटं बोलली," सुलक्षणा म्हणाली.

"एवढ्याशा गोष्टीला खोटं म्हणतात होय?"

"गोष्ट एवढीशीच होती. हारच सरकवायचा होता. त्यासाठी त्याने मला आजारी पाडलं. उद्या काही मोठं अडलं तर हिला काय करायला लावील?"

"तू ना, नसतं उकरून काढतेस. हॉल ठरलाय, माणसांना सांगून झालंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलक्षणा हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. सर्वेशला फोन केला तर तो "सॉरी, आई" इतकं गोड म्हणेल की आपलीच चूक वाटायला लागेल. त्याच्या आईला करावा, तर त्या माउलीने त्याला घडवलं होतं. तिला त्यात खोट दिसणार कुठून. अक्षता या वेळी अंधेरीला ऑफिसात डबा खात असते. सर्वेश शेजारी नसतो. तिला कुणाच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं लागणार नाही.

लग्न मोड, असं सांगायचं नाही. ते जास्तीचं 'सकाळपासूनच' कुठून आलं, एवढंच विचारायचं. आणि तीही जर गंमत म्हणून हसली, तर साखरपुडा पुढे ढकलायला सांगायचं. हॉलवाल्याला आणि माणसांना काय सांगायचं ते आपण बघू. श्यामकांतला न विचारता फोन करायचा, असं तिने ठरवलं आणि गॅस बंद केला.