आपल्या सरांचा गुडघा

भिंगरीच्या घरात माणसं तीन: आई, दादा आणि ती स्वतः. पण बोलणं मात्र नेहमी चौघांचं व्हायचं. चौथे म्हणजे सर. सर कधी घरी आले नव्हते, आईने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांच्या डाव्या गुडघ्याची चौकशी झाल्याशिवाय आठवडा सरत नसे. 'आपले सर' असंच आई म्हणायची. आपल्या सरांना चहात साखर चालत नाही, खिडकीत बसणाऱ्या कबुतरांशी त्यांचं हाडवैर आहे, आणि भिंगरीवर त्यांचा फार जीव आहे, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. एवढंच तिला ठाऊक नव्हतं, की असे कोणी सर नव्हतेच.

याची सुरुवात सात वर्षांपूर्वी झाली. भिंगरी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्याच आठवड्यात संख्याशास्त्राच्या तासाला तिला उभं केलं, तिने उत्तर दिलं, आणि सगळा वर्ग हसला. प्रकरण खरं तर एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तिचं पाऊल वर्गाकडे वळेना. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दिवसाचं कारण सांगावं लागलं असतं, चौथ्या दिवशी दोन दिवसांचं. असं करत करत कारण इतकं मोठं झालं की ते घेऊन वर्गाच्या दारातून आत जाणं अशक्य होतं. लहानपणापासून एका जागी न ठरणारी, म्हणून जिला भिंगरी नाव पडलं, ती मुलगी पाच महिने एका बाकावर बसून राहिली. तो बाक होता नगरपालिकेच्या वाचनालयातला, वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी.

रोज सकाळी डबा घेऊन ती घरातून निघे. वाचनालयाच्या दाराशी शिपाईकाका बसलेले असत. नाव लिही, आल्याची वेळ लिही, जाताना गेल्याची लिही, एवढंच ते सांगत. बाकी वेळ फाटलेली पानं खळीने चिकटवणं, डावा गुडघा चोळणं आणि खिडकीतली कबुतरं हाकलणं. संध्याकाळी घरी आलं की आई विणकामाच्या यंत्रावरून मान न उचलता विचारायची, आज काय शिकवलं? काहीतरी सांगणं भाग होतं. शिकवलेलं काही हाताशी नव्हतं, म्हणून भिंगरीने शिकवणारा सांगितला. शिपाईकाकांना एका संध्याकाळी बढती मिळून ते प्राध्यापक झाले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आईला सर फार आवडले. ती शाळांचे स्वेटर विणून देई. उरलेल्या लोकरीतून तिने सरांसाठी मफलर विणला. तो भिंगरीने काकांना नेऊन दिला, आईने पाठवलाय म्हणून. काकांनी उलटसुलट करून पाहिला, एक टोक लांब झालंय असं म्हणाले, आणि गळ्याभोवती गुंडाळला.

डिसेंबरात वाचनालयाची नोंदवही संपली. काकांनी नवी वही काढली, तिच्यावर रेघा मारल्या आणि पेन भिंगरीच्या हातात द्यायच्या आधी म्हणाले, "ह्या वहीत तुझं नाव आलं नाही तरी मला चालेल. कॉलेज बाहेर पडल्यावर उजवीकडे आहे."

ती गेली. पण हजेरी इतकी कमी भरली होती की परीक्षेला बसू दिलं नाही. घरी तिने संख्याशास्त्रात नापास झाले असं सांगितलं, आणि आईचा चेहरा पडलेला पाहून घाईघाईने सरांना पुढे केलं. सर म्हणाले, एक वर्ष गेलं म्हणजे पोरगी वाया गेली असं नाही, पुन्हा पहिल्या दिवसापासून बस. सर म्हणाले म्हटल्यावर विषय संपला. पुढची सात वर्षं आई ते वाक्य शेजारणींना ऐकवत राहिली. भिंगरी दोन वर्षांत पदवीधर झाली, साध्यासुध्या गुणांनी. सर मात्र निवृत्तच होईनात. त्यांना निवृत्त केलं असतं तर आईने निरोपाला काय द्यायचं यावर महिनाभर खल केला असता.

पदवीनंतर भिंगरी एका चष्म्याच्या दुकानात लागली. तिथे तिचं खरं काम काय, यावर तिचं आणि दुकानमालकांचं एकमत नव्हतं. चष्मा दुरुस्तीला टाकलेलं गिऱ्हाईक तासभर बाकावर डोळे मिचमिचवत बसतं. बसल्या बसल्या खिशातून एखादा कागद काढतं, जरा बघ गं काय लिहिलंय. कधी दवाखान्याचा अहवाल, कधी पेन्शन कचेरीची नोटीस. भिंगरी वाचून दाखवी. मग कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगे. मग जेवणाच्या सुट्टीत स्वतःच त्या खिडकीवर जाऊन उभी राही.

"पाटीवर चष्मे लिहिलंय," मालक म्हणायचे, "चौकशी नाही लिहिलेलं."

पण समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जाहिरात कापून आणली ती मालकांनीच. हे जे इथे अर्धवट करतेस ते तिकडे जाऊन पुरतं शिक, म्हणाले. शिफारसपत्रंही दोन लागत होती. त्यांतलं एक त्यांनी उभ्या उभ्या लिहून दिलं: मुलगी फार उपयोगी आहे, माझ्या दुकानाला कमी आणि लोकांना जास्त.

अर्जात दोन काटे होते. तिसऱ्या पानावर, पदवीच्या काळात वर्ष गेलं असल्यास सविस्तर कारण द्या. आणि चौथ्या पानावर, दुसरं शिफारसपत्र शिक्षकांचं. शुक्रवारपर्यंत पोचायला हवं होतं. गेलेल्या वर्षात ज्यांनी तिला पाहिलंच नव्हतं आणि नंतरच्या दोन वर्षांत ज्यांच्यासमोर तिने मागच्या बाकावरून तोंड उघडलं नव्हतं, अशा प्राध्यापकांपैकी कोण तिच्याबद्दल दोन ओळी लिहिणार? एक जण तर तिला भेटल्यावर म्हणाले, तू आमच्याकडे होतीस?

आईला मात्र चिंता नव्हती. "आपले सर आहेत ना," ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी सरांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर सुरू केला. शुक्रवारच्या आत पुरा करून तो ती स्वतः नेऊन देणार होती. सर एवढं पत्र देणार म्हटल्यावर समक्ष जाऊन आभार मानायला नकोत का?

भिंगरी शेवटी दादाला शरण गेली. दादा छापखान्यात कामाला, थट्टेखोर. सगळं ऐकून तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

"म्हणजे त्या गुडघ्यासाठी मी दोनदा तेल आणलं, ते कोणाला चोळलं गं?"

मग तो कामाला लागला. सर वारले असं सांगून टाक, हा पहिला उपाय. पण आई रडेल आणि सरांच्या बायकोला भेटायला निघेल. परदेशी गेले म्हण. आई पत्ता मागेल. तिसऱ्या पानाचं उत्तर त्याच्या मते सोपं होतं, टायफॉइड. कोणालाही होतो, कोणी विचारत नाही. समाजकार्यवाल्यांना थोडं दुःख दाखवलेलं बरं, आणि तुझ्याकडे तर धड दुःखही नाही. वर्ग हसला, हे काय कारण झालं? आणि पत्र तो स्वतः लिहिणार होता. लिहिलंही. 'माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनाच्या कारकिर्दीत' अशी दणदणीत सुरुवात, खाली वळणदार सही. भिंगरीने ते वाचलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. बुधवारी पोस्टात टाकायचं ठरलं.

बुधवारी दुकानात एक आजी आल्या. चष्म्याची काडी मोडली होती. बाकावर बसून त्यांनी मुलाचं पत्र पुढे केलं. पत्र चारच ओळींचं होतं: कामामुळे यंदाही यायला जमणार नाही, पुढचं पुढे बघू. भिंगरीने एक नजर टाकली आणि वाचायला लागली. आई, तुझी खूप आठवण येते, मन लागत नाही, पण काय करू, यंदा जरा अडचण आहे, पुढच्या वर्षी नक्की.

आजी ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "इतकं गोड माझा मुलगा लिहीत नाही. आहे तसं वाच, पोरी. मला त्याला उत्तर लिहायचंय, तुला नाही."

भिंगरीने आहे तसं वाचलं. आजींनी मान हलवली, हं, हा माझाच, म्हणाल्या आणि काडी बसेपर्यंत निवांत बसल्या. रडल्या नाहीत, काही नाही. भिंगरीचेच कान तेवढे तापले.

पोस्ट वाटेतच होतं. ती त्यावरून सरळ पुढे निघून घरी आली.

आई यंत्रावर होती. स्वेटर काखेपर्यंत आला होता. भिंगरी समोरच्या स्टुलावर बसली आणि पहिल्या दिवसापासून सांगत गेली: हसलेला वर्ग, बाक, डबा, नोंदवही. आईचे हात थांबले नाहीत. सरांपर्यंत गोष्ट आली तेव्हा थांबले.

"गुडघा?" आईने विचारलं.

"गुडघा खरा आहे."

"आणि चहा?"

"बिनसाखरेचाच. कबुतरंही खरी आहेत, आई."

"मग खोटं काय त्यात?"

"सर," भिंगरी म्हणाली. "तेवढेच."

दादा दारात येऊन उभा राहिला होता. मग आई म्हणाली की पाच महिने मी डबा भरत होते आणि तू तो वर्तमानपत्रांपाशी बसून खात होतीस, हे मला कळलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतंय. सात वर्षं मी त्या माणसाशी मनातल्या मनात बोलते आहे. तुझी काळजी वाटली की त्यालाच सांगायची. एवढं बोलून ती उठली, नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो अर्ज आण म्हणाली. तिला बघायचं होतं, असं काय लिहिलंय त्यात ज्यासाठी तिच्या पोरीने माणूस घडवला.

तिने चौथं पान बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग अर्ज भिंगरीच्या पुढे धरला.

"शिक्षक, किंवा अर्जदाराला किमान एक वर्ष जवळून ओळखणारी जबाबदार व्यक्ती. 'किंवा' दिसला नाही तुला? जगाचे कागद वाचत फिरतेस."

दादाला पुन्हा पाणी प्यावं लागलं.

गुरुवारी आई वाचनालयात गेली. भिंगरी मागे. काका दाराशी बसले होते आणि गळ्यात मफलर होता, सात वर्षांत विटलेला. आईने नमस्कार करण्याआधी त्याचं टोक हातात घेऊन पाहिलं.

"खरंच लांब झालंय," ती म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

काकांनी बावचळून भिंगरीकडे पाहिलं. तिने सगळं सांगितलं, त्यांना प्राध्यापक केल्याचंही. काकांना राग येईल असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, कोणता विषय शिकवायचो? मानसशास्त्र, हे ऐकून त्यांचं समाधान झालेलं दिसलं. पत्राला मात्र ते तयार होईनात. शिपायाचं पत्र कोण वाचणार? आईने त्यांच्यापुढे अर्ज धरला आणि त्या 'किंवा'वर बोट ठेवलं. काकांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली, तासभर बोटांनी मोजत बसले, आणि मग लिहिलं:

'सदर मुलगी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात एकशे सात दिवस आमच्या वाचनालयात आली. त्या वेळी ती कॉलेजात असायला हवी होती. आल्याची व गेल्याची वेळ तिने एकदाही खोटी लिहिली नाही. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर नीट घडी घालणाऱ्या दोनच व्यक्ती मी पाहिल्या, दुसरी मी. डिसेंबरात ती यायची बंद झाली याचा मला आनंद झाला. तेव्हापासून दर रविवारी येते व म्हाताऱ्या वाचकांना बारीक अक्षर वाचून दाखवते. याबद्दल माझी तक्रार आहे, कारण येथे मोठ्याने बोलण्यास मनाई आहे. तरी तिला प्रवेश द्यावा.'

तिसऱ्या पानावर भिंगरीने टायफॉइड लिहिला नाही. वर्ग हसला, मला परत जायची लाज वाटली, आणि मी कोणाला सांगितलं नाही, असं लिहिलं. तीन ओळींतच जागा भरली. शुक्रवारी अर्ज पोचता झाला.

मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या बाईंनी काकांचं पत्र मोठ्याने वाचलं, तक्रारीपाशी त्यांना हसू आवरेना, आणि भिंगरीला जाणवलं की ह्या खेपेला लोक हसले तरी तिला उठून जावंसं वाटलं नाही. मग बाईंनी विचारलं की उद्या एखादा मुलगा तुमच्यासारखाच वर्ग सोडून कुठे तरी बसलेला सापडला तर काय कराल. भिंगरीने विचार केला. आधी त्याचं नाव नोंदवून घेईन, म्हणाली, मग काही दिवस काही विचारणार नाही. पण पाच महिने नाही थांबणार. काकांनी जरा उशीरच केला.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत होतं, खालून तिसरं. आईने स्वेटर काकांना दिला आणि मफलरचं टोक उसवून सारखं करून दिलं. घरात त्यांना अजून 'आपले सर'च म्हणतात, आणि ते हाकेला ओ देतात.

कॉलेज सुरू झालं त्या संध्याकाळी आईने यंत्रावरून मान उचलून विचारलं, आज काय शिकवलं? भिंगरीने वह्या दाखवल्या. संशोधनाच्या तासाला पुन्हा संख्याशास्त्रच निघालं होतं. तिला कळलं नाही, तिने हात वर केला, आणि मुलाखतीतल्या त्याच बाईंनी फळ्यावर पुन्हा समजावून दिलं. आईने बाईंबद्दल बारकाईने विचारलं. गुडघे ठीक आहेत, चहात साखर दोन चमचे, कबुतरांबद्दल काही मत नाही. आईला हे वर्णन जरा फिकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी वर्गात असताना दारापाशी आई दिसली. हातात डबा. वास्तविक डबा भिंगरीच्या पिशवीत होता. आईने दारातूनच आत पाहिलं, फळ्याशी उभ्या असलेल्या बाईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे पाहिलं. दोघीही जागच्या जागी होत्या. तिने समाधानाने मान डोलावली, डबा कट्ट्यावर ठेवला आणि परत निघाली. यंत्रावर कोणाचा तरी स्वेटर अर्धा राहिला होता.