बुधाजी नाखव्याचे ब्रेक

करंज्याच्या बुधाजी नाखव्याचं सगळंच उफराटं. आडनाव नाखवा, बापाच्या दोन होड्या, आणि हा बाबा जन्मात होडीत पाय ठेवायला तयार नाही. का, तर म्हणे होडीला ब्रेक नसतो! आता या माणसाला काय म्हणावं? समुद्र सोडून त्यानं मीठ वाहायचा टेम्पो धरला, आणि तिथंच त्याचं नशीब फुटलं.

झालं असं की स्वतःच्या लग्नात नवरीला स्वतःच टेम्पोतून घरी आणायची त्याला हौस आली. वर्षभर मीठ वाहिलेली गाडी, ब्रेकचा पाइप गंजून पार चाळण झालेला. बांधावरच्या वळणावर बुधाजीनं पाय दाबला, पायडल तळाला गेलं आणि वरात सरळ मिठागरात. खरचटलं कोणालाच नाही. पण नवरी केसर गुडघाभर चिखलात, मुंडावळ्या नाकावर, आणि बांधावर अख्खं गाव पोट धरधरून हसतंय. केसर वर आली ती एकच वाक्य बोलली, “आजपासून तुमच्या गारीत मी बसनार न्हाय.”

आणि नाहीच बसली बाई! सत्तावीस वर्षं झाली. एसटीनं गेली, रिक्षानं गेली, बाळंतपणाला शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेली आणि बुधाजी मागून आपली रिकामी गाडी घेऊन गेला. संसार चांगला केला, भांडण नाही, तंटा नाही. पण त्याच्या शेजारची सीट रिकामी ती रिकामीच. गावातली पोरंसोरंसुद्धा त्याला पाहिलं की ओरडायची, “बुधाजीदादा, ब्रेक हाय का?” माणूस हसायचा, पण आत कुठंतरी लागायचंच ना.

मग त्यानं ब्रेकचाच ध्यास घेतला. बंदराच्या रस्त्याला ट्रेलरचे ब्रेक दुरुस्त करायचं गॅरेज टाकलं, आणि फावल्या वेळात आपल्या जुन्या मारुतीवर प्रयोग. भंगारातल्या परदेशी गाडीचे कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क आवळणारे चिमटे, आणले, डिस्कला वारा लागावा म्हणून भोकं पाडली, न गंजणारा तांब्याचा पाइप घातला, थंड हवा खेळायला बंपरपासून चाकापर्यंत मोरीचे प्लास्टिकचे पाइप ओढले. इंजिनाला मात्र हात लावला नाही. गाडी पळवायला चाळीस घोडे आणि थांबवायला चारशे, असला हिशोब! पायाचा नुसता अंगठा टेकला तरी गाडी जागच्या जागी खिळायची आणि आतला माणूस काचेला जाऊन नमस्कार करायचा.

यंदा जानेवारीत नवी मुंबईच्या हौशी गाडीवाल्यांनी खाडीलगतच्या नव्या, अजून न उघडलेल्या रस्त्यावर शर्यत ठेवली. चार किलोमीटरच्या तीन फेऱ्या, एकेक गाडी सोडायची, घड्याळावर वेळ. बुधाजीनं नाव दिलं. आपले ब्रेक एकदा केसरच्या डोळ्यांदेखत सिद्ध व्हावेत, एवढीच त्याची इच्छा. नियम असा, की चालवणाऱ्याशेजारी जोडीदार हवाच. मेहुणा अनंता तयार झाला, पण सकाळच्या सरावात बुधाजीनं एकदाच ब्रेक मारला आणि अनंता मानेला पट्टा बांधून परत आला.

“काका, पार्टनर नाही तर नाव कट करावं लागेल,” आयोजकांची अमिषा म्हणाली. पोरगी गोड होती, पण हातात नियमांचा कागद होता.

केसर डबा घेऊन आली होती. नवऱ्याचं उतरलेलं तोंड तिनं पाहिलं आणि मग तिला वेगळीच धास्ती पडली. त्या नव्या रस्त्याच्या कडेलाच खाडीवरची जुनी गावदेवी आहे. तिच्यासमोर गावातल्या माणसाची गाडी थांबल्याशिवाय पुढं जात नाही, चाक पुरतं थांबलं पाहिजे, हात जोडले पाहिजेत. बाहेरचे गेले तर त्यांना माफी.

“तुमी देवीवरनं सुसाट गेलात तर कोप माझ्या घरावर,” ती म्हणाली. “आनि थांबायला गेलात नि थांबली न्हाय, तर? मी बसतंय. पन माझी सोय मी करनार.”

तिनं अनंताला धक्क्यावर पिटाळलं आणि होडीचा नांगर मागवला. खराखुरा लोखंडी नांगर, वीस वाव, म्हणजे शंभर-सव्वाशे फूट दोरासकट! दोराचं टोक गाडीच्या मागच्या हुकाला बांधलं, नांगर मांडीवर घेतला आणि सत्तावीस वर्षांनी केसरबाई नवऱ्याच्या गाडीत बसल्या. बुधाजीनं तिचा पट्टा स्वतः लावला आणि तीनतीनदा ओढून पाहिला.

“आंटी, नांगर अलाउड नाहीये!” अमिषा किंचाळली.

“कुठं लिवलंय? दाव.”

अमिषानं कागद खालून वर, वरून खाली वाचला. हेल्मेट होतं, पट्टा होता, पण नांगराविषयी कोणी चकार शब्द लिहिला नव्हता. गाडी सुटली.

ऐंशीचा वेग. देवीचा झेंडा दिसला मात्र, केसर ओरडली, “आय माझे!” आणि तिनं खिडकीतून नांगर भिरकावला. त्याच क्षणी बुधाजीनं ब्रेक दाबला. मागं नांगर आयोजकांच्या ‘वेगाची मजा’ लिहिलेल्या फलकात जाऊन रुतला. गाडी देवीच्या पायरीसमोर उभी. केसर डोळे घट्ट मिटून दोर ताणला जायची वाट पाहत बसली. तो ताणला जाईना.

डोळे उघडून तिनं मागं पाहिलं. दोर रस्त्यावर ढिला पडला होता. तिचा बापही होडीवालाच, दोराची भाषा तिला कळत होती. नांगरानं धरायच्या आधीच गाडी थांबली होती. ती उतरली, देवीला हात जोडले, डब्याच्या पिशवीतला नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा बुधाजीच्या तोंडात घातला, फलकातला नांगर सोडवून सावकाश दोर गुंडाळला. तिकडं घड्याळ पळत होतं आणि अमिषा कपाळ बडवून घेत होती.

दुसऱ्या फेरीला नांगर मांडीवरच राहिला. तिसऱ्या फेरीला तो देवळाच्या पायरीवर ठेवून बाई मोकळ्या हातांनी बसल्या.

चौदा गाड्यांत चौदावा नंबर आला. “काका, थांबला नसता तर चौथे आला असता,” अमिषा हळहळली.

“थांबायचं नव्हतं तर ब्रेक कशाला बनवले, पोरी?” बुधाजी म्हणाला.

अनंता मान वाकडी करून स्कूटर घेऊन आला, बहिणीला घरी न्यायला. “तू जा,” केसर म्हणाली. “मी गारीत हाय.”

वेशीपाशी पोचेपर्यंत तिला झोप लागली. डोकं काचेला, तोंड किंचित उघडं, अगदी बिनघोर. बुधाजीनं पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. आता मात्र पंचाईत झाली. ब्रेकला अंगठा लागला तर ती काचेवर आपटणार! मग तो पठ्ठ्या ब्रेक न लावताच चालवू लागला. गतिरोधक आला की लांबूनच वेग सोडायचा, गाय आडवी आली की वळसा घालायचा. मागचे ट्रेलरवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले.

घर आलं. बुधाजीचा पाय ब्रेककडं गेला आणि परत आला. गाडी घरावरून पुढं निघाली.

ओट्यावर मासळी निवडणाऱ्या बायका ताडकन उठल्या. “अगो, बुधाजीचं ब्रेक गेलं गो परत!” एकच बोंब उठली.

बुधाजीनं खिडकीतून हात काढून त्यांना ‘हळू बोला’ म्हणून खुणावलं, आणि गाडी तशीच पुढं जाऊ दिली.