अक्काला गोड बोललेले चालत नसे

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार दोंडाईच्याच्या जनाअक्काचे. ही माझी विधवा आत्या. सरकी काढायच्या जिनात कापूस निवडून तिने मला बी. ए. केले. पण माझी पदवी तिने लगेच खरी मानली नाही. कागद उन्हात धरून शिक्का पाहिला, दोन मास्तरांना वेगवेगळे गाठून वाचून घेतला, आणि दोघांचे जुळले तेव्हाच पेढे वाटले.

तिचा विश्वास एकीवरच, बांगडीवाल्या हमिदाबीवर. वीस वर्षे ती रोज दुपारी आमच्या ओट्यावर टोपली उतरवी. अक्का म्हणे, "लबाड शे, पण मना तोंडवर लबाडी करस."

मी धुळ्यात मास्तर झालो त्या वर्षी अक्काच्या छातीत गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कर्करोग सांगितला, स्तन काढावा लागेल म्हणाल्या. अक्काला मात्र घरच्यांनी नुसती गाठ काढायची एवढेच सांगितले. घरी आई तिला जास्त तूप वाढू लागली, आणि ताट वेगळे मांडू लागली.

"बठ्ठा घरना लोके गोड बोलाले लागनात," अक्का मला म्हणाली. "म्हणजे काहीतरी शे."

त्यातच हमिदाबी यायची थांबली. "तीबी भ्यायनी," एवढे बोलून अक्काने शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. डॉक्टरीणबाई उशीर करू नका म्हणत होत्या.

पुढे हमिदाबी माल घ्यायला धुळ्याला आली, तेव्हा मला पाहून तिने तोंड फिरवले. मी तिला भित्री म्हणालो. मग तिने सांगितले, ती तीनदा दारात आली होती. तिन्ही वेळा आईने, अक्का कोणाला भेटत नाहीत, असे सांगून परत पाठवले. माझ्या बहिणीचे, सखूचे, लग्न ठरत होते. घरातला रोग बांगड्यांच्या टोपलीबरोबर गावभर होईल, ही आईची धास्ती. हमिदाबीला वाटले, अक्कानेच आपल्याला तोडले.

अक्काला वाचता येत नसे. माझे पत्र पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्याने वाची आणि सारी गल्ली कान देई. हे ठाऊक असूनच मी लिहिले:

"तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. तुला कर्करोग झाला आहे. तो एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे डॉक्टरीणबाईंना विचारून लिहितो. हमिदाबी भ्याली नाही. ती तीनदा आली, आईने परत पाठवली. आई सखूपायी घाबरली, तिला बोलू नकोस. हे लग्न मोडलेच, तर सखूसाठी दुसरे स्थळ मी पाहीन. सोमवारी हमिदाबी येईल. तिच्याबरोबर मोटारीने शस्त्रक्रियेसाठी धुळ्याला ये, मी उतरून घ्यायला उभा असेन. माझ्या लिहिण्याचा संशय आला, तर तिला शेजारी बसवून विचार. तुझा दामू."