एका चुलीचं घर

आत्याच्या गळ्यात टेप नसेल तर ती आजारी आहे असं समजावं. तीस वर्षं ती शाळेचे गणवेश शिवतेय. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा खांदा नजरेनं मोजून मोकळी होते.

परवडणारी घरं बांधायची म्हणून नगरपालिकेनं आमची अख्खी गल्ली ताब्यात घ्यायची ठरवली, तेव्हा यादी करायला एक कारकून आला. आत्याकडे तिचा नवरा आणि दीर अशा दोन भावांचे दोन संसार, नऊ माणसं. मागच्या खोल्या धाकट्या जाऊबाईंच्या.

"चूल एकच?" त्यानं विचारलं.

"एकच!" आत्या मशीन थांबवून म्हणाली. "भांड्याला भांडं लागलं असेल, पण चूल नाही वेगळी झाली. लिहा तुम्ही."

त्यानं लिहिलं. एक चूल म्हणजे एक कुटुंब आणि एका कुटुंबाला एकच घर, हा नियम मात्र सांगितला नाही. शेजारचे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, मध्ये भिंत घालून वेगवेगळं शिजवतात. त्यांना दोन घरं मिळाली.

आत्या नमुन्याची खोली बघून आली ती धुमसतच. "बारा फुटांची भिंत. नऊ जण ओळीनं झोपले तर माणशी सोळा इंच! पहिलीतल्या पोराच्या सदऱ्यालाही मी जास्त कापड धरते."

"ताई, मागं दुसरी शेगडी मांडू," जाऊबाई म्हणाल्या. "खोटं खोटं भांडू. तुमच्याकडूनच शिकलेय."

आत्या हसली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी नवी शेगडी घेऊन नगरपालिकेत गेल्या. आत्यानं ती साहेबांच्या फायलींवरच ठेवली.

"ही दुसरी चूल. लिहा."

"बाई, यादी व्हायच्या आधी वेगळी हवी होती."

"म्हणजे आम्ही आधीच भांडायला हवं होतं."

"नियम आहे."

"मग आता भांडते. तीस वर्षांचं साठलंय, आणि समोर तुम्ही आहात." तिनं गळ्यातला टेप काढून साहेबांचं टेबल मोजलं. "साडेपाच फूट. तुमच्या मापानं आमची चार माणसं इथं झोपतील. उरलेल्या पाचांचं लिहून द्या."

साहेबांनी घंटी वाजवली. शिपायानं शेगडीला हात घातला, तो जाऊबाईंनी बाजूला सारला.

अर्ज नामंजूर झाला. शिपाई रोज संध्याकाळी शेगडी बाहेर काढतो. रोज सकाळी अकराला दोघी जावा ती दोन्ही बाजूंनी धरून पुन्हा त्याच टेबलावर नेऊन ठेवतात.